विहिरीकाठची दोन पानं

—सतरा गावांची नाटकं उभी केलीत ह्या पडद्यांच्या पेटीनं, पाव्हणं, सतरा! मोशी घ्या, भोसरी घ्या, पार तिकडं देहूच्या अंगाला जा — पडदा पाहिजे म्हणलं की माणूस आधी चिखलीला येणार, तात्याबाच्या दारात. तात्याबाशिवाय ह्या टापूत नाटकाचा नारळ फुटत न्हाई. — म्हंजे सतरा न्हाई, आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, अकरा. त्यातली तीन भजनं व्हती, त्येंना नुसता मागं रंग पाहिजे व्हता. आन् एका लग्नात मांडव कमी पडला म्हणून जंगलाचा पडदा नेला, नवरा-नवरी वाघाखाली बसली. ऱ्हायली सात. त्यातली सहा पडली. सातव्याचं काय झालं त्ये मी इचारायलाच गेलो न्हाई. — हसा, हसा, पण बसून हसा. बैल सोडलेत ना सावलीला? मोशीपाशी नदीत पाणी किती हाय आता, गुडघ्याएवढं? मग पडदे भिजायची भीती न्हाई. — गवरा, ए गवरा! चाकणकडचं पाव्हणं आलंत, चहा टाक, गुळाचा. — भाडं-बिडं काय न्हाई हो, मुरारराव. नारळ फोडायचा, त्यातली एक वाटी आमच्याकडं धाडायची, आन् पडदे कोरडे करून आणायचे. उंदराची लेंडी आत ऱ्हायली तर मी मोजून परत धाडतो, आधीच सांगून ठेवतो.

हां, हे बघा. ह्यो महाल. खांबाचा रंग उडालाय, पण राजा मधोमध उभा केला की दिसत न्हाई. ह्यो रस्ता, ह्यो कुठल्या बी नाटकात चालतो. ह्ये घर, चुलीपाशी उंदरानं खाल्लंय. आन् ह्ये जंगल — वाघ बघा, वाघ! नीट तोंडाकडं बघा त्येच्या. रंगारी भोसरीचा, त्येनं जन्मात वाघ बघितला नव्हता, मला म्हणला, तात्याबा, वाघाचं तोंड कसं असतं हो. मी म्हणलं, आमचा पोलीसपाटील उन्हातनं चालत येतो तवा बघून घे. त्येनं तसंच्या तसं काढलं. पाटील दरसाल पुढच्या खुर्चीत बसतो आन् शेजारच्याला म्हणतो, ह्यो वाघ मी कुठंतरी बघितलाय बरं का. सात वर्सं झाली, त्येला अजून आठवतंय आन् मला अजून हसू फुटतंय. — झाकणाला आतनं कागद डकवलाय बघा, पेटीत काय-काय हाय त्येची यादी. घ्या ताडून एकदा. बांबू, दोऱ्या, शिट्टी, समदं लिवलंय. — न्हाई बघत? इश्वास हाय म्हणता माझ्यावर? वा! असा माणूस मला आवडतो. माझ्यावर गावात कुणाचा इश्वास न्हाई, चाकणच्या पलीकडं एक तरी निघाला. — मग ह्या वहीत सही करा म्हंजे झालं. का वो? मनगट मुरगळलं? कासरा वढताना? अरारा. ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, डाव्या हाताचा आंगठा टेका, आमच्यात त्ये बी चालतं.

आन् ती बगलेतली वही कसली, नाटकाची? — काय म्हणता, तुमीच प्रॉम्टर? अहो मग आधी सांगायचं न्हाई का! पडदे आणायला प्रॉम्टर धाडला, गाव शहाणं दिसतंय तुमचं. वाचा की दोन वळी, कळू तरी द्या कुणाला मारताय आन् कुणाचं लगीन लावताय. — चष्मा घरी ऱ्हायला? ऱ्हातो. चष्म्याचं तसंच असतं, पाहिजे तवा घरी ऱ्हातो. जाऊ द्या. पण तुमी प्रॉम्टर म्हणलात म्हणून एक गोष्ट सांगतो, चहा उकळस्तवर. लोकांना वाटतं नाटक राजावर चालतं. राजाचं काय, त्येला मिशी लावली की त्येचं काम संपलं. नाटक चालतं विंगेत आडून वाचणाऱ्यावर. त्यो गप झाला की राजा बी भिकारी. मला कसं म्हायती? मला म्हायती कारण इथं एक माणूस व्हता — नाव कशाला पाहिजे — बरं, भैरू धरा. भैरू म्हणून व्हता एक. त्येनं एक नाटक असं झोपवलं, असं झोपवलं, की पिंपरीचा औषधाचा कारखाना उभा ऱ्हायच्या आधी चिखलीत झोपेचं औषध निघालं असं लोक म्हणायचे. म्हणायचे म्हंजे, आधी मी म्हणलं, मग लोक म्हणायला लागले.

पहिलं मतदान झालं ना, पेट्यांत चिठ्ठ्या टाकायचं, त्या सालची जत्रा. आमच्या शाळेवर उद्धव गुरुजी व्हते. बार्शीकडचा माणूस, बायको लवकर गेलेली, मूलबाळ न्हाई, शाळेच्याच मागल्या खोलीत ऱ्हायचे. धोतर गुडघ्यापर्यंत, पण अक्षर — अक्षर म्हंजे ज्वारीचं दाणं एकेक निवडून मांडल्यागत. तालुक्याला त्येंचा कागद गेला की एक कारकून दुसऱ्या कारकुनाला हाक मारून दाखवायचा. त्या गुरुजींनी नाटक लिवलं. ‘वाटणीची विहीर’. त्यात तलवार न्हाई, राजा न्हाई, नाच न्हाई. दोन भाऊ आन् एक विहीर, संपलं. वाटणीत विहीर निम्मी-निम्मी आली, एक दिवस ह्येचं पाणी, एक दिवस त्येचं, आन् बारा वर्सं दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर मोट चालते पण तोंडातनं शबुद न्हाई. थोरला भाऊ आमचा अर्जुनराव, पैलवान गडी, छाती अशी की विहीर त्येच्यापुढं डबकं दिसावी. धाकटा चिमाजी शिंपी. दोन महिने शाळेत तालीम चालली. आन् वही धरून आडून सांगायला ह्यो भैरू. भैरू लई नावाजलेला व्हता त्या कामात, कारण त्यो वहीकडं बघायचाच न्हाई. सगळ्यांची सगळी भाषणं त्येच्या डोक्यात. अर्जुनराव अडला रे अडला की ह्येनं पुढचं वाक्य दिलंच. पान उलटायचं तेवढं ध्यानात ठेवायचा. गुरुजी म्हणायचे, ‘याच्यासारखा प्रॉम्टर पुण्यात मिळायचा नाही.’

आता आमच्या जत्रेत रातच्याला तमाशा ठरलेला, त्येला हात लावायची कुणाची टाप न्हाई. म्हणून गुरुजींचं नाटक दिवसा, चारला. चैत्रातलं ऊन, मटणाचं जेवण, वर कनातीची सावली — अशा वक्ताला मेलेला माणूस बी कूस बदलून झोपेल. ह्ये मी मुद्दाम सांगतो. रात असती तर गॅसबत्तीवर ढकलता आलं असतं, उजेड नव्हता म्हणता आलं असतं. उजेड लख्ख व्हता. — जत्रेच्या सकाळी गुरुजी आले, डोळे लाल. वहीत मागं दोन नवीन पानं टाचलेली. म्हणाले, ‘शेवट बदललाय.’ आधी काय व्हतं, शेवटाला थोरला भाऊ विहिरीत जीव द्यायचा आन् वर धाकटा हंबरडा फोडायचा. हंबरड्यात चिमाजीचा हात धरणारा कोण न्हाई, लोकांनी तालमीतच डोळं पुसलं व्हतं. गुरुजी म्हणाले, ‘मारून टाकलं की लिहिणारा सुटतो. बोलायला लावणं अवघड. मी दोघांना विहिरीकाठी आणलंय, बारा वर्षांनी पहिल्यांदा बोलतात. दोघांना सकाळी चार वेळा वाचून दाखव, पाठ नाही झालं तरी चालेल, तू आहेसच.’ आन् शिक्षणखात्याच्या सायबाला आणायला सायकलवर चिंचवडच्या ठेसनाकडं गेले.

मग अर्जुनराव आला, म्हणला, काय नवं हाय त्ये सांग. भैरू म्हणला, आत्ता नको, आयत्या वक्ताला ताजं-ताजं देतो, आधी ऐकलं की मजा जाते. पैलवान काय, खूश होऊन कुस्त्या बघायला गेला. चिमाजी आला तर भैरू म्हणला, तुला काय रं, तू हुशार, तुला एकदा कानावर पडलं की बास. त्यो बी खूश. माणसाला खूश करून वाटंला लावायचं ह्ये भैरूला चांगलं जमायचं. मग शाळेच्या मागं जाऊन बसला, मांडीवर ती दोन पानं घेऊन, दुपारच्या जेवणाला बी गेला न्हाई — आता इचारा, चार वाजेपर्यंत बसून काय केलं? — काय करणार? बघत बसला.

चारचं नाटक पावणेपाचला सुरू झालं, कारण आधी सायबाचा सत्कार, मग पाटलाचा, मग पाटलाच्या जावयाचा. पहिल्या अंकात पाटील झोपला. दुसऱ्या अंकात सायेब झोपला, मान अशी खुर्चीच्या पाठीवर, तोंड उघडं. पोरांनी त्यात खडा टाकायचा बेत केलेला, गुरुजी पुढं बसले व्हते म्हणून वाचला. पण बाया जाग्या व्हत्या, पाव्हणं. बायांना विहिरीचं कळत व्हतं. दोन अंक अक्षर न चुकता गेले. मग तिसऱ्याचा शेवट आला. अर्जुनराव विहिरीच्या ह्या अंगाला उभा, चिमाजी त्या अंगाला, मधी आमची विहीर — रॉकेलच्या डब्यांना गोणपाट गुंडाळलेलं. दोघांनी विंगेकडं बघितलं. विंगेत भैरूनं नवं पान उघडलं, आन् माझ्या तळहाताला असा घाम फुटला की शाई —

भैरूच्या म्हणायचं. भैरूच्या तळहाताला.

— ऐकलंत? हसली बघा आतनं. हस गं बाई, तुझा नवरा हाय, तू न्हाई हसायचं तर कुणी. — जाऊ द्या, पाव्हणं. भैरू आमच्या बैलाचं नाव हाय. त्यो काय तिथं कडबा खातोय. बिचाऱ्यानं कुणाचं नाटक पाडलं न्हाई.

मला वाचता येत न्हाई, मुरारराव. — आता बोललोच हाय तर बोलून टाकतो, तुमी काय उद्या चिखलीत यायचं न्हाई. छापील असलं, मोठं असलं, तर माझं नाव वळखतो, आन् एसटीची पाटी वळखतो, ती बी रंगावरनं. बास. गुरुजींनीच मोठ्या माणसांचा वर्ग काढला व्हता, कंदिलावर. मी गेलो. पहिले चार दिवस पाटी धरली, पण बोटं ऐकंनात, नांगर धरणारी बोटं ती, पेन्सिल धरली की मोडायची, आन् पोरं खिडकीतनं बघायची. सगळ्या गावाची टिंगल करणारा मी! माझी कुणी टिंगल करावी? म्हणून मी काय केलं — दुसरे वाचायचे त्ये ऐकून सबंध पुस्तक पाठ केलं. परीक्षेला सायेब आला, त्येनं पुस्तक हातात दिलं, मी घडाघडा म्हणून दाखवलं, मधीच अडखळलो बी, मुद्दाम, खरं वाटावं म्हणून. सायबानं टाळ्या वाजवल्या. सर्टिफिकीट मिळालं, त्ये भिंतीला हाय, उलटं लावलं व्हतं सहा म्हैने, गवराच्या भावानं सांगितलं तवा सुलटं केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात झकास गंमत ती. सगळ्यांना फसवलं, सायबाला, गावाला, गुरुजींना. आन् गुरुजी एवढे खूश, एवढे खूश, की म्हणाले, ‘तात्याबा, आता नाटकाची वही तुझ्याकडं.’ आता त्येंना न्हाई कसं म्हणायचं? आन् मग काय, ज्यानं गंमत केलीय त्येला ती निभवावी लागती. कुणी कागद पुढं केला की चष्मा घरी. डोळं आलेत. हात दुखतोय. सहा वर्सं माझा चष्मा घरी ऱ्हायलाय, आन् घरात चष्मा हायच कुठं!

हां, तर विंगेत. ती दोघं उभी. मी गप. आन् एक सांगतो, पहिलं मिनिटभर लोकांना वाटलं ह्येच नाटक हाय. बारा वर्सं न बोललेले भाऊ बोलायच्या आधी असेच थांबणार, न्हाई का? सगळी कनात गप झाली. सायेब जागा झाला. बायांनी पदर तोंडाला लावला. मी बघितलं, गुरुजी पुढं वाकून बसलेत, ओठ हलताहेत त्येंचे, आता बोलेल, आता बोलेल. तेवढं एक मिनिट ते नाटक लई भारी व्हतं, पाव्हणं, त्येच्याएवढं भारी मी काय बघितलं न्हाई. मग कुणीतरी खोकलं. मग मागनं आवाज आला, ‘अरं बोला की!’ मी घाबरून जुनंच वाक्य दिलं, ‘धाकट्या, मी चाललो, विहीर तुझी.’ आन् अर्जुनराव, गाढवाचा, सगळ्यांच्या देखत विंगेकडं तोंड करून म्हणला, ‘त्ये न्हाई, नवं सांग!’ — झालं. हशा. चिमाजीनं उगं हंबरडा फोडून बघितला, पण मेलंच न्हाई कोण तर हंबरडा कशाचा? पान हातात, दाणं-दाणं मांडलेलं, लख्ख उजेडात, आन् मला त्यातनं एक दाणा उचलता येईना. मग मी शिट्टी मारली. पडदा सोडायची शिट्टी. घाईत भलतीच दोरी सुटली आन् विहिरीवर वाघ आला.

पडदा पडला तरी नाटक संपलं असं कुणाला वाटलंच न्हाई. लोक बसून. पाटील म्हणला, मधली सुट्टी व्हय? कुणी शेंगा खाल्ल्या, कुणी पोरं मुतवून आणली, आन् मग एकेक उठून गेले, हातातलं काम टाकून उगं आलो असं तोंड करून. सायेब चिंचवडची गाडी गाठायला निघाला, गुरुजींना म्हणला, ‘विषय चांगला होता, पण जरा कंटाळवाणं झालं.’ गुरुजी म्हणाले, ‘हो.’ दिवेलागणीला मी कनात सोडायला गेलो तर अंबूबाई म्हणून एक म्हातारी एकटीच बसलेली. तिला दोन लेक, दोघांच्या दोन चुली, एकमेकांच्या दारात जाणं न्हाई. मला म्हणली, ‘तात्याबा, बोलले का रं ते भाऊ?’ — मी काय म्हणलो म्हायती हाय? मी म्हणलो, ‘बोलले की आजी. पडद्याआड बोलले.’ ‘काय बोलले?’ म्हणली. मी म्हणलो, ‘आपल्याला ऐकू आलं न्हाई.’ तेवढ्यावर उठून गेली बिचारी. त्या आखाडात वारली.

चहा घ्या. गार व्हईल. — गवरा, तू जा आत. जा गं.

तुमी म्हणाल, गुरुजी रागावले असतील. तसं झालं असतं तर मी आज असा बोलत बसलो नसतो. चार शिव्या खाल्ल्या असत्या, दोन मी दिल्या असत्या, फिटलं असतं. गुरुजी दुसऱ्या दिवशी इथं आले, ह्याच वट्यावर बसले, तुमी बसलाय तिथं. कुणाला बोल न्हाई लावला. मला म्हणाले, ‘तात्याबा, माझंच चुकलं. रातोरात घाईनं लिहिलं, अक्षर गिचमिड झालं असणार. तुला ते वाचताना लागलं नाही ना?’ — आता बघा. त्या माणसाचं अक्षर गिचमिड! तालुक्यात दाखवायचे ते अक्षर! ‘मला वाचता येत न्हाई’ एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? नुस्ती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्येंनी माझ्याकडं बघितलं, मी पायाच्या आंगठ्याकडं बघितलं, आन् म्हणलो — मी म्हणलो, ‘व्हय गुरुजी. अक्षर लई वंगाळ व्हतं.’

असा म्हणलो.

म्हैन्याभरात त्येंनी बदली मागून घेतली. तवर गावात बोभाटा करायचं काम मी केलं. झोपेचं औषध त्ये माझंच. ‘मुकी विहीर’ नाव बी मीच ठेवलं. पोरांना शिकवलं, दोघांनी समोरासमोर उभं ऱ्हायचं आन् तिसऱ्यानं ओरडायचं, ‘नवं सांग!’ लोक अजून हसतात. का केलं? न केलं असतं तर कुणीतरी इचारलं असतं, पाव्हणं, की विंगेतल्या माणसाला झालं तरी काय व्हतं. लोक नाटकाला हसत ऱ्हायले तवर माझ्याकडं कुणाची नजर गेली न्हाई. — गुरुजी आता जुन्नरच्या बाजूला हायत कुठंसं. चिमाजी एका लग्नाला गेला व्हता तिकडं, शाळेत डोकावला. म्हणला, नाटकाचं नाव काढत न्हाईत. आन् फळ्यावर एक वळ लिवतात, मागं सरतात, आन् पोरांना इचारतात, ‘लागतंय का रे?’ पोरं हो म्हणतात तरी पुसतात, आन् पुन्हा लिवतात. — चिमाजीला त्येचं नवल वाटलं. मला सांगत व्हता, म्हातारपणी असं होत असेल. मी म्हणलो, होत असेल.

म्हणून सांगतो, तुमी नशीबवान. तुमी शिकलेले. वही घरी चार वेळा वाचा, आन् कुणी आयत्या वक्ताला पान बदललं तर त्येच्यापुढंच मोठ्यांदा वाचून दाखवा, मग पुढचं बोला. — थांबा, उठू नका. एक काम हाय तुमच्याकडं. पडद्याचा नारळ बी नको मला, त्येच्याऐवजी ह्ये काम करा. ही बघा, महालाच्या घडीत ठेवली हायत. तीच दोन पानं. गुरुजी गेले तवा वही घेऊन गेले, पानं मी आधीच सोडवून घेतली व्हती. सहा वर्सं हायत. मी रोज न्हाई, पण पडदे वाळवतो तवा काढून बघतो. गावात कुणाकडनं वाचून घेणार? ज्याला वाचायला सांगीन त्येला कळणार की. एकदा आळंदीला नेली, म्हणलं तिथले कीर्तन शिकणारे विद्यार्थी माझ्या वळखीचे न्हाईत, घाटावर एकाला गाठावं. पायरीवर बसलो, पानं काढली, तर समोर चिमाजी, सहकुटुंब! त्याच पानांत शेंगा गुंडाळून खाल्ल्या आन् परत आलो. तेलाचा डाग पडलाय बघा, पण अक्षर वाचलंय.

काय बोलले हो ते भाऊ? एवढंच पाहिजे मला. बारा वर्सांनी बोलायचं तर पहिलं कोण बोलला, थोरला का धाकटा? मी किती तऱ्हा करून बघितल्या डोक्यात, कधी थोरला म्हणतो पाणी घे, कधी धाकटा नुसता बादली पुढं करतो. पण त्ये माझं झालं, गुरुजींचं न्हाई. त्येंनी काय लिवलंय त्ये ह्या जगात त्येंच्याशिवाय कुणाला म्हायती न्हाई, आन् त्येंना इचारायचं तोंड मला न्हाई. तुमी वाचा. तुमी नदीपलीकडचे, वाचाल आन् जाल. हां, घ्या. सावकाश वाचा, घाई न्हाई. अडलात तरी चालंल, मी थांबतो. — तशी न्हाई, उलटी धरलीत. ह्यो शाईचा ठिपका खाली येतो, तेवढं मला कळतं. — हां. वाचा. — वाचा की. — चष्मा ऱ्हायला, व्हय, मगा म्हणलात. दुपारचं ऊन हाय, मोठं अक्षर हाय, थोडं लांब धरून बघा. — मनगट दुखतंय तर मी धरतो पान. — यादी बी तुमी मगा…

पाव्हणं. माझ्याकडं बघा जरा. — मुरारराव?

“त्ये पान ऱ्हाऊ द्या, तात्याबा. सबंध वही कानानं डोक्यात बसवायला तुमास्नी किती दिस लागलं, तेवढं सांगा. आमच्या नाटकाला बाराच ऱ्हायलेत.”